वन-डी नदी आणि टू-डी पूरमैदान जोडायला शिकताना: सगळं काठाच्या रेषेवर अडतं

प्रश्न थोडक्यात असा आहे: हेक-रास या पुराच्या सॉफ्टवेअरमध्ये नदीचं वन-डी (पाणी एका रेषेत धरणारं) मॉडेल करता येतं, मैदानाचं टू-डी (पाणी दोन दिशांना पसरू देणारं) पण वेगळं चालवून झालंय, पण दोन्ही जोडले की रन मध्येच फुटतो किंवा काठालगतचं पाणी दर टाइम स्टेपला (मॉडेल ज्या छोट्या उड्यांनी वेळ पुढे नेतं त्या प्रत्येक उडीला) वरखाली नाचायला लागतं. मग जोडणी नीट शिकायची तर सुरुवात कुठून करायची, कोणतं सॉफ्टवेअर धरायचं, आणि कोडिंग यायलाच पाहिजे का? मी हे काम बरीच वर्षं करतोय आणि यातली जवळपास प्रत्येक चूक स्वतः करून झालीय, त्यामुळे उत्तर लांबणार आहे, चहा घेऊन बसा.

कोडिंगचं आधी उरकतो. सुरुवातीला लागत नाही. हेक-रास, माइक फ्लड, टफलो, सोबेक या सगळ्या सॉफ्टवेअरमध्ये जोडणी आतच दिलेली असते, तुम्हाला फक्त कुठे आणि कशी जोडायची ते सांगायचं असतं. दोन वेगवेगळ्या गटांनी लिहिलेली मॉडेल्स एकमेकांशी बोलायला लावायची असतील तेव्हा कोड येतो, त्यासाठी ओपन-एमआय नावाचं मानक आहे, बीएमआय नावाचा साधा इंटरफेस आहे ज्यात मॉडेल सुरू कर, एक पाऊल पुढे जा, आकडा दे, आकडा घे, बंद कर असल्या मोजक्या आज्ञा असतात. पायथनमधून ते करायला मजा येते पण ते नंतर. आधी काय देवाणघेवाण होते ते कळलं पाहिजे, नाहीतर कोड येऊनही तेच पाणी नाचताना बघाल.

तर देवाणघेवाण. वन-डी मॉडेल नदीला एक रेषा समजतं आणि त्या रेषेवर प्रत्येक क्रॉस सेक्शनला (पात्राच्या आडव्या छेदाला) एक पाणीपातळी आणि एक विसर्ग काढतं. सां-व्हेनां यांनी १८७१ मध्ये मांडलेली समीकरणंच आजही आपण तिथे सोडवतो. टू-डी मॉडेल मैदानाचे छोटे तुकडे, म्हणजे सेल, पाडतं आणि प्रत्येक सेलमध्ये पातळी आणि दोन दिशांचा वेग काढतं. या दोघांच्या मधे प्रत्यक्षात फक्त दोनच गोष्टी जातात-येतात, पातळी आणि विसर्ग. एकजण पातळी सांगतो, दुसरा त्यावरून किती पाणी गेलं ते सांगतो, बस. कोण काय सांगतो यावरून जोडणीचे प्रकार पडतात. टफलोवाले याला एचएक्स आणि एसएक्स म्हणतात: एचएक्समध्ये नदी आपली पातळी मैदानाला देते आणि मैदान विसर्ग परत कळवतं, एसएक्समध्ये उलटं, मैदान पातळी देतं आणि वन-डी (म्हणजे एखादा कल्व्हर्ट, म्हणजे मोरी, किंवा पाइप) विसर्ग कळवतो. माइक फ्लडमध्ये लॅटरल लिंक, स्टँडर्ड लिंक, स्ट्रक्चर लिंक अशी नावं आहेत. हेक-रासमध्ये काठासाठी लॅटरल स्ट्रक्चर असतं, त्यात मूळ कल्पना अशी की काठ म्हणजे एक लांबलचक विअर (माथ्यावरून पाणी सांडू देणारी बुटकी भिंत) आणि त्यावरून पाणी सांडतं. नावं पाठ करू नका, प्रत्येक ठिकाणी एवढंच विचारा: इथे पातळी कोण देतंय, विसर्ग कोण काढतंय, आणि कोणत्या समीकरणाने. टफलोच्या एचएक्समध्ये काठावरून जाणारं पाणी टू-डीच्या समीकरणांनीच निघतं, हेक-रासच्या लॅटरल स्ट्रक्चरमध्ये बहुतेकदा विअरच्या सूत्राने, त्यामुळे एकाच नदीचे दोन सॉफ्टवेअरमधले निकाल काठावर वेगळे दिसले तर लगेच घाबरायचं कारण नाही.

संवेग, म्हणजे वाहत्या पाण्याचा जोर, मात्र बहुतेक काठाच्या जोडणीत पलीकडे जात नाही, हे लक्षात असू द्या. पाणी सांडलं की ते मैदानात जणू शून्य वेगाने उतरतं. हळू भरणाऱ्या मैदानाला काही फरक पडत नाही, पण बांध फुटून झोत आत घुसतोय, किंवा वळणावर नदी सरळ मैदानात धावतेय, तिथे हा फरक मोठा असतो.

आता शिकायची पद्धत. लोक काय करतात, पहिल्याच दिवशी खरी नदी घेतात, ऐंशी क्रॉस सेक्शन, सहा पूल, लायडारचा (हवेतून लेसरने मोजलेला) डीईएम, म्हणजे जमिनीच्या उंचीचा नकाशा, आणि मग ते फुटलं की कशामुळे फुटलं तेच कळत नाही. मी नवीन मुलांना आधी खेळण्यातली नदी करायला लावतो. दोन किलोमीटर सरळ पात्र, रुंदी २० मीटर, खोली ३ मीटर, उभ्या भिंती, उतार दोन हजारास एक, मॅनिंगचा एन (खरखरीतपणाचा आकडा) ०.०३. कागदावर काढा: क्षेत्रफळ ६० चौरस मीटर, ओला परिघ २६ मीटर, हायड्रॉलिक त्रिज्या २.३१, वेग साधारण १.३ मीटर प्रति सेकंद, म्हणजे काठोकाठ विसर्ग ७८ घनमीटर प्रति सेकंदाच्या आसपास. हे आधी नुसत्या वन-डीमध्ये चालवा आणि ७८ ला पाणी काठाशी येतंय का बघा. येत नसेल तर जोडणीकडे वळूच नका.

मग डाव्या बाजूला ५०० मीटर रुंद, २ किलोमीटर लांब, पूर्ण सपाट आणि चारही बाजूंनी बंद मैदान करा, त्याची पातळी खालच्या टोकाच्या काठापेक्षा बरोबर १ मीटर खाली ठेवा. हे टू-डी एकटं चालवा, त्यात अर्धा मीटर पाणी भरून नुसतं सोडून द्या. काहीही हलता कामा नये. स्थिर तळ्यात वेग दिसायला लागले तर तुमच्या टू-डीतच गडबड आहे, जोडणी बिचारी नंतरची.

आता मैदान कोरडं करा, जोडा आणि वरून १०० चा स्थिर विसर्ग सोडा. काय व्हायला पाहिजे हे रन करायच्या आधी लिहून ठेवा, ही सवय मला कुणी शिकवली नाही, चुका करून लागली. पात्र ७८ च्या आसपास नेतं, म्हणजे साधारण २० सांडणार. मैदान १० लाख चौरस मीटर आहे, १ मीटर भरायला १० लाख घनमीटर पाणी, २० च्या दराने ५०,००० सेकंद, म्हणजे जवळपास १४ तास. मॉडेलने १२ किंवा १६ म्हटलं तर चालेल, ३ तासांत भरलं किंवा दोन दिवस लागले तर काहीतरी चुकलंय. मग पूर ओसरू द्या, विसर्ग ३० वर आणा. नदी उतरेल, मैदानातलं काठाच्या वरचं पाणी परत नदीत येईल, आणि काठाच्या खालचं १ मीटर तिथेच अडकून राहिलं पाहिजे, ते दहा लाख घनमीटर. माझी सगळ्यात आवडती चाचणी हीच आहे. ते पाणी हळूहळू नदीत झिरपत गेलं तर तुमच्या जोडणीत कुठेतरी काठ खरा आहे त्यापेक्षा खाली वाचला गेलाय. खऱ्या मॉडेलमध्ये ही गळती कधीच दिसत नाही कारण तिथे किती पाणी अडकायला हवं होतं तेच कुणाला माहीत नसतं.

आता तुमच्या नाचणाऱ्या पाण्याकडे येतो. हे एका सेलवर करून बघू म्हणजे डोक्यात बसेल. समजा सेल ५ बाय ५ मीटर, काठाला लागून, आणि सेलमधलं पाणी बरोबर काठाच्या पातळीला आलंय. नदी काठाच्या १० सेंटिमीटर वर आहे. विअरचं सूत्र: विसर्ग = गुणांक × लांबी × उंचीचा दीड घात. गुणांक १.७ धरला तर १.७ × ५ × ०.०३१६, म्हणजे ०.२७ घनमीटर प्रति सेकंद. फार नाही वाटत. पण सेलचं क्षेत्रफळ २५ चौरस मीटर आहे, म्हणजे त्याची पातळी सेकंदाला १.०७ सेंटिमीटरने चढतेय, आणि तुमचा टाइम स्टेप १० सेकंदांचा असला तर एका उडीत ती १०.७ सेंटिमीटर वर गेली. नदी १० वर, सेल १०.७ वर! मॉडेलला वाटतं मैदान उंच झालं, आता पाणी उलटं पाठवा. पुढच्या स्टेपला ते परत नदीत जातं, मग पुन्हा मैदानात, आणि तुम्हाला विसर्गाच्या आलेखात करवतीचे दात दिसतात. प्रत्यक्षात सेल शेजारच्या सेलला पाणी देत असतो आणि खालची पातळी चढली की बुडीत विअरची सुधारणा विसर्ग कमी करते (व्हिलेमोंट यांचं १९४७ चं सूत्र सर्रास वापरतात), पण त्यातही एक खोच आहे. दोन्ही पातळ्या जवळपास सारख्या आल्या की पातळीत मिलिमीटरचा फरक पडला तरी विसर्ग भसकन बदलतो, सूत्राचा उतारच तिथे उभा होतो. म्हणून नाचणं पुराच्या शिखराला होत नाही, मैदान भरून नदीच्या बरोबरीला आलं की होतं. तुमचं कधी होतंय ते बघा, माझी पैज आहे की तेव्हाच.

टाइम स्टेप २ सेकंदांचा केला तर त्याच सेलमध्ये पातळी २ सेंटिमीटरनेच चढते आणि पुढच्या स्टेपला सूत्राला शहाणं व्हायला वेळ मिळतो. म्हणजे पहिला उपाय टाइम स्टेप, दुसरा काठालगतचे सेल मोठे करणं, तिसरा दोन्ही मॉडेल्समध्ये एकाच स्टेपला पुनरावृत्ती करू देणं (हेक-रासमध्ये वन-डी आणि टू-डीमधल्या पुनरावृत्त्यांचा आकडा देता येतो, तो शून्य असेल तर प्रत्येकजण मागच्या स्टेपची जुनी बातमी वाचून वागतो). चौथा उपाय म्हणजे डॅम्पिंग, स्थिरतेचा फॅक्टर वाढवणं. तो शेवटी, आणि लाजत लाजत. लोक आधी तोच वाढवतात, आलेख गुळगुळीत होतो, साहेब खूश होतात, आणि काठावरून जाणारं पाणी किती खरं ते मग कुणालाच सांगता येत नाही.

टाइम स्टेपचं अजून एक. वन-डीचे इम्प्लिसिट सॉल्व्हर (पुढच्या क्षणाची सगळी समीकरणं एकत्र सोडवणारे) एकटे असताना ३० सेकंद, एक मिनिट आरामात घेतात. टू-डीत, विशेषतः एक्सप्लिसिट (मागच्या क्षणावरून थेट पुढचा काढणारं) असेल तर, १९२८ पासूनची ती कुरांटची अट आडवी येते: एका स्टेपमध्ये लाट एका सेलच्या पलीकडे जाता कामा नये. पाणी ४ मीटर खोल असेल तर लाटेचा वेग ६.३ मीटर प्रति सेकंद, त्यात पाण्याचा स्वतःचा १ मिळवा, १० मीटरच्या सेलला स्टेप जेमतेम १.४ सेकंद. इम्प्लिसिट टू-डीला यापेक्षा सूट असते पण काठापाशी ती फार ताणू नये. जोडल्यावर हळू असतो तोच वेग ठरवतो, त्याला इलाज नाही.

आता ज्या चुकीने सगळ्यात जास्त मॉडेल्स वाया गेलेली मी बघितली आहेत ती: मैदान दोनदा मोजणं. जुनं वन-डी मॉडेल असतं, त्यातले क्रॉस सेक्शन मैदानात दोन्हीकडे ३००-३०० मीटर पसरलेले असतात, कारण तेव्हा टू-डी नव्हतं. कुणीतरी त्यावर टू-डी एरिया टाकतो आणि जोडतो. आता तेच मैदान वन-डीमध्येही पाणी साठवतंय आणि टू-डीमध्येही. पाणी दोनदा साठलं की शिखर खाली येतं, उशिरा येतं, आणि गंमत म्हणजे निकाल दिसायला छान, शांत दिसतो. कुठलाही एरर येत नाही. म्हणून क्रॉस सेक्शन काठाच्या माथ्यावर कापायचेच, आणि टू-डीच्या बाजूने पात्राचा भाग काढून टाकायचा, हेक-रासमध्ये टू-डीचा पॉलिगॉन काठाच्या रेषेवरच आणायचा, इतर ठिकाणी पात्रातले सेल निष्क्रिय करायचे. नदी १२ मीटर रुंद आणि सेल २० मीटरचा असली भानगड असेल तर काय, असं विचाराल. मग थोडी तडजोड होते, पण ती किती घनमीटरची आहे ते काढून ठेवा.

आणि क्रॉस सेक्शन कापले की जुना एन टाकून द्या, म्हणजे मोजलेल्या पातळ्यांशी जुळवून परत ठरवा (कॅलिब्रेट करा). जुन्या मॉडेलमधला एन फक्त तळाचा खरखरीतपणा दाखवत नव्हता, त्यात वळणांची हानी, पात्र आणि मैदानाच्या पाण्यामधली घासाघीस, सर्व्हेच्या चुका असं बरंच काही कोंबलेलं होतं. त्यातलं काही आता टू-डी स्वतः सोडवतंय. जुना आकडा तसाच ठेवला तर तीच हानी दोनदा धरता.

आता काठाची पातळी. माझं म्हणणं असं आहे की जोडलेल्या मॉडेलचा अर्धाअधिक निकाल या एका रेषेत असतो, बाकीचं सगळं तिच्या मागून येतं. ३ मीटर रुंद आणि २ मीटर उंच मातीचा बांध १० मीटरच्या सेलमध्ये सरासरीला गेला की ०.६ मीटरचा उंचवटा उरतो. डीईएममधून आपोआप काठ वाचला की हेच होतं. म्हणून माथ्याची रेषा वेगळी काढायची, ब्रेकलाइन (सेलच्या कडा जिला धरून पाडल्या जातात ती रेषा) म्हणून टाकायची, लायडार असेल तर रेषेच्या आजूबाजूच्या दोन-तीन मीटरमधली कमाल पातळी घ्यायची (सरासरी नको, आणि कमाल घेताना झाड किंवा उभी गाडी पकडली जात नाही ना ते बघा). एसआरटीएमसारख्या उपग्रहाच्या डीईएमवर तर काठाची रेषा वाचूच नका, तिथे सेल ३० मीटरचा असतो, झाडाचा शेंडा जमीन म्हणून येतो आणि उंचीतली चूक मीटरांमध्ये असते, आपला खेळ सेंटिमीटरचा.

आणि सखल जागा शोधा. बांधात ४ मीटरची एक फट आहे, गुरांची वाट असेल, ट्रॅक्टरने केलेला उतार असेल, आणि नदी तिथे ०.८ मीटर वर आहे: १.७ × ४ × ०.७२, जवळपास ५ घनमीटर प्रति सेकंद, सहा तासांत एक लाख घनमीटरच्या वर. चार मीटरची फट! क्रॉस सेक्शन २०० मीटरवर एक असतील आणि मधला काठ सरळ रेषेने भरला असेल तर ती फट मॉडेलला दिसतच नाही. शक्य असेल तर काठावरून चालत जा. मी एकदा दोन दिवस चाललो होतो, पाय दुखले, पण त्यातून सापडलेल्या तीन फटींनी पुराचा नकाशा जेवढा बदलला तेवढा महिनाभराच्या एनच्या खेळाने बदलला नव्हता.

डेटमची, म्हणजे उंची जिथून मोजतात त्या शून्याची, कथा सांगितल्याशिवाय राहवत नाही. एका कामात क्रॉस सेक्शन एका पथकाने मोजले होते आणि डीईएम दुसरीकडून आला होता. जोडलं, आणि अर्धा किलोमीटरचा काठ छोट्याशा पुरालाच सांडायला लागला. आम्ही तीन आठवडे गुणांक, टाइम स्टेप, सेल सगळं फिरवत बसलो. शेवटी कुणीतरी पुलाच्या डेकची पातळी दोन्हीकडून वाचली आणि ४० सेंटिमीटरचा फरक निघाला, दोघांचे बेंचमार्कच वेगळे. ४० सेंटिमीटर म्हणजे किती ते बघा: ५०० मीटर काठावर विअरच्या सूत्राने २१५ घनमीटर प्रति सेकंद येतात, आमच्या नदीत तेवढं पाणीच नव्हतं. तेव्हापासून काम हातात आलं की पहिल्या दिवशी रस्ता, पुलाचा डेक, काँक्रीटचं काही असल्या कडक पृष्ठभागांवरचे वीस-तीस बिंदू घेऊन दोन्ही पातळ्या ताडून बघतो. जीपीएसच्या उंच्या असतील तर जास्तच सांभाळा, लंबवर्तुळापासूनची उंची आणि समुद्रसपाटीपासूनची उंची यातला फरक जगात ठिकाणानुसार शंभर मीटरच्या घरातही जातो, तेवढा असला तर लगेच दिसतो, पण कुणीतरी अर्धवट दुरुस्त केलेला असला की तो हाच ४० सेंटिमीटरचा छुपा प्रकार होतो.

वळणांवर अजून एक त्रास. वन-डीची लांबी मध्यरेषेवर मोजलेली असते, पण बाहेरचा काठ मध्यरेषेपेक्षा लांब आणि आतला आखूड. जोडणी जर नुसत्या अंतराच्या हिशोबाने काठाचे बिंदू नदीच्या चेनेजला (मध्यरेषेवरच्या अंतराला) चिकटवत असेल तर लागोपाठच्या वळणांवर काठाला चुकीच्या जागेची पातळी मिळते. उतार दोन हजारास एक असेल आणि २०० मीटर चुकलात तर १० सेंटिमीटर गेले, म्हणजे वर सेलच्या उदाहरणात जेवढी पूर्ण उंची होती तेवढी चूकच झाली. प्रत्येक लिंक कुठल्या सेक्शनपासून पातळी घेतेय ते नकाशावर रेषा काढून एकदा डोळ्यांनी बघा. कंटाळवाणं आहे, करा.

विअरच्या गुणांकाबद्दल बोलायलाच हवं कारण नवीन माणूस पुस्तकातला १.७ सगळीकडे ठोकतो (वर मीही हिशोबाला सोपा म्हणून तोच वापरला). तो रुंद माथ्याच्या, नीट बांधलेल्या विअरचा सैद्धांतिक आकडा आहे. हेक-रासच्याच मार्गदर्शनात लॅटरल स्ट्रक्चरसाठी मेट्रिकमध्ये जमिनीपासून मीटरभर किंवा जास्त उंच बांध किंवा रस्त्याला ०.८३ ते १.४३, थोड्या उंच नैसर्गिक काठाला ०.२८ ते ०.५५, आणि काठ असा काही नाहीच, जमीन सपाट मैदानात मिसळतेय तिथे ०.११ ते ०.२८ असे आकडे दिलेत. म्हणजे सपाट काठावर १.७ टाकणारा सहा ते पंधरा पट जास्त पाणी ढकलतोय. कारण सोपं आहे, तिथे विअर नसतोच, पाणी नुसतं पसरत असतं, आणि बाजूने सांडताना ते नदीच्या दिशेने धावत असतं, काठाला काटकोनात नाही. गंमत अशी की हा गुणांक खाली आणला की अर्ध्या वेळा नाचणंही आपोआप थांबतं. तुमच्या मॉडेलमध्ये काय टाकलंय ते आधी बघा.

पूल आणि कल्व्हर्ट याबद्दल थोडक्यात: नदीवरचा पूल वन-डीतच ठेवा, तिथे त्याची पद्धत पक्की आहे, पण पुलाचा भराव मैदानात गेला असेल तर तो टू-डीत उंच रेषा म्हणून आला पाहिजे आणि त्यातले कल्व्हर्ट वेगळे जोडले पाहिजेत, नाहीतर भरावाच्या मागे खोटं धरण तयार होतं.

तपासणी कशी करायची. पहिल्यांदा जमाखर्च: आत आलेलं पाणी वजा बाहेर गेलेलं वजा साठ्यातला बदल. चूक एक टक्क्याच्या आत पाहिजे, आणि एकूण टक्केवारीवर समाधान मानू नका, काठाच्या जोडणीतून नदीने दिलेलं आणि मैदानाला मिळालेलं पाणी वेगवेगळं काढून जुळवा. मोठ्या नदीत काठावर हरवलेले दोन लाख घनमीटर एकूण टक्क्यात बुडून जातात, मैदानाला मात्र तेच सर्वस्व असतं. दुसरं, नुसत्या नदीतल्या गेजशी (पातळी मोजायच्या ठिकाणाशी) पातळी जुळली म्हणून मैदान बरोबर आलं असं होत नाही. काठ ३० सेंटिमीटर चुकीचा ठेवून आणि एन थोडा फिरवून गेज जुळवता येतो, मी तुम्हाला करून दाखवतो. म्हणून भिंतींवरच्या पाण्याच्या खुणा, लोकांनी काढलेले वेळ असलेले फोटो, आणि २०१४ पासून सेंटिनेल-१ उपग्रहाचे रडारचे फोटो आहेत ते वापरा, फक्त रडारला झाडांखालचं आणि दाट वस्तीतलं पाणी नीट दिसत नाही हे धरून चाला. शक्यतो मैदान भरतानाची एक आणि ओसरतानाची एक अशा दोन वेळा मिळवा, भरण्यापेक्षा ओसरणं जुळवणं अवघड असतं आणि तिथेच जोडणीचा खरेपणा उघडा पडतो.

तयार सरावाची उदाहरणं हवी असतील तर ब्रिटनच्या एन्व्हायर्नमेंट एजन्सीने टू-डी सॉफ्टवेअर पारखायला जो चाचण्यांचा संच केला त्यातली सातवी चाचणी नदी आणि मैदान जोडण्याचीच आहे, सेव्हर्न नदीवरची, आणि अनेक सॉफ्टवेअरचे निकाल शेजारी-शेजारी छापलेत. खेळण्यातली नदी झाली की तीच करा. सगळ्या नावाजलेल्या सॉफ्टवेअरचे निकालही एकमेकांशी तंतोतंत जुळत नाहीत हे तिथे बघून बरं वाटतं. सॉफ्टवेअर कोणतं म्हणाल तर हेक-रासच धरा, फुकट आहे, २०१६ च्या ५.० आवृत्तीपासून त्यात टू-डी आणि ही जोडणी आहे, आणि वन-डी तुम्हाला येतंच. पुढे नोकरीत जे असेल ते दोन आठवड्यांत शिकता येतं.

आणि कधी जोडूच नये तेही सांगतो. नदी रुंद आहे, पात्राच्या तळाचा चांगला सर्व्हे आहे, पुरात पाणी वळणं तोडून सरळ खोऱ्यातून वाहतं, तर पात्रही टू-डीतच घ्या. सेलच्या आतला भूभाग धरणारी सबग्रिड पद्धत आणि जीपीयू (गणित भराभर करणारी ग्राफिक्स चिप) आल्यापासून ते पूर्वीइतकं महाग राहिलेलं नाही. जोडणीचा फायदा अरुंद पात्रात आहे, जिथे नदी नीट दाखवायला रुंदीत निदान पाच-सहा सेल लागले असते आणि त्यापायी सगळं मॉडेल रांगलं असतं, पूल-बंधाऱ्यांची गर्दी आहे तिथे आहे, आणि जिथे चांगलं तपासलेलं वन-डी मॉडेल आधीच हातात आहे तिथे. नुसतं वन-डी टू-डी मिळून भारी दिसतं म्हणून जोडू नका, रिपोर्टमध्ये रंगीत नकाशा तसाही येतो.

तुमच्या फुटणाऱ्या रनसाठी मी ज्या क्रमाने बघेन तो असा. जोडणी तोडा आणि दोन्ही एकटे चालवा, वन-डी कोरड्या दिवसाच्या कमी विसर्गाला तगतं का ते खास बघा, कारण निम्मे रन सुरुवातीलाच तिथे मरतात आणि दोष जोडणीवर येतो. मग जोडा, पण काठ मुद्दाम ५ मीटर उंच करून, म्हणजे पाणी सांडणारच नाही. आता निकाल नुसत्या वन-डीशी तंतोतंत जुळला पाहिजे. जुळला की काठ खऱ्या पातळीला आणा आणि सगळ्या लिंक एकदम नको, एकेक किलोमीटर चालू करत जा. ज्या तुकड्याला नाचायला लागेल तिथे गुणांक, सेलचा आकार आणि काठाची रेषा याच क्रमाने बघा. त्या तुकड्यातल्या एका लिंकचा विसर्ग, नदीची पातळी, सेलची पातळी आणि काठाची पातळी असे चार आकडे दर स्टेपला एका तक्त्यात काढा, पन्नास ओळी पुरतात. कोण कुणाच्या वर उडी मारतंय ते त्यात सरळ दिसतं. तक्ता आणि तिथल्या काठाचा प्रोफाइल पाठवलात तर मी बघून सांगेन.